विंडीचा नाद

मे संपत आला की सकाळी गॅसवर चहा ठेवायचा आणि मोबाईलवर विंडी हे वारा-पाऊस नकाशावर दाखवणारं ॲप उघडायचं, हा नाद काही सुटत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून अरबी समुद्रात घुसणाऱ्या वाऱ्याच्या त्या पांढऱ्या रेघा कोकणाकडे सरकताना बघत बसलं की चहा हमखास उतू जातो आणि आई म्हणते, अरे खिडकीतून बघ की! ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तो घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा अलिबाग-श्रीवर्धनकडे येताना बघून पोटात गोळाच आला होता.

तापमानाचा लेयर मात्र जरा जपूनच वाचायचा हं. हवामानाचा अंदाज काढणारी कॉम्प्युटर मॉडेल्स नकाशाचे चौकोन पाडतात. अमेरिकन जीएफएस मॉडेलचा एकेक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा, युरोपियन मॉडेलचा ९चा, त्यामुळे महाबळेश्वरचा डोंगर आजूबाजूच्या उतारात मिसळून बुटका होतो आणि तिथलं तापमान आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. मी आधी युरोपियनच लावतो, मग दोन्ही शेजारी ठेवून बघतो, जुळले तर छत्री घेतो, नाही जुळले तरी घेतोच म्हणा.