सात नंबरचे आजोबा

सकाळपाळी सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात सात नंबरचे आजोबा गेले. अपेक्षितच होतं. डॉक्टरांनी तपासलं, वेळ लिहिली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. केसपेपरवर नातेवाईकाच्या जागी नुसती रेघ होती.

"बघायला कोणी येणार नाहीये," सोबतचा ब्रदर म्हणाला. "नळ्या काढ, चादरीत गुंडाळ, पाठवून दे. बाकीचे पेशंट ताटकळलेत." त्याचंही खरं होतं. आम्ही दोघं आणि एक विद्यार्थिनी, एवढ्यांवर सगळा वॉर्ड होता.

मी पडदे ओढले आणि विद्यार्थिनीला कोमट पाणी आणायला सांगितलं.

चर्चच्या मंडळीत सेवा म्हटलं की लोकांना उपदेश, गायन, रविवारची शाळा आठवते. माझे निम्मे रविवार ड्यूटीत जातात. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं प्रभूसाठी जिवेभावे काम करण्याचं वचन मला तोंडपाठ आहे, पण कोणी ते ऐकवायला लागलं की मी जरा सावध होते. जादा पाळी गळ्यात मारायची असली की वरिष्ठांना नेमकं तेच आठवतं! प्रेषित पौलाने ते लिहिलं दासांना, म्हणजे गुलामांना, ज्यांच्या राबण्याची कोणी दखलही घेत नव्हतं. आणि लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, धन्यांनाही बजावलं की दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

आजोबांचे डोळे मिटवले. सलाईनची सुई काढून जागा दाबून पट्टी लावली, लघवीची नळी काढली. डोक्याखाली उशी ठेवली, कारण डोकं खाली राहिलं तर रक्त चेहऱ्याकडे उतरून तो काळवंडतो. मग तोंड पुसलं, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत. पाठ पुसायला कुशीवर वळवलं तर आजोबा कण्हले. विद्यार्थिनी किंचाळून मागे सरली. छातीत उरलेली हवा अशी बाहेर पडते, हे तिला पुस्तकातून माहीत असणार, पण पहिल्यांदा ऐकताना पुस्तक उपयोगी पडत नाही. तिला क्षणभर थांबू दिलं. मग तीच पुढे आली आणि तिने खांदा धरला.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतली, यापो गावची टबीथा मला अशा वेळी आठवते. विधवांसाठी कपडे शिवणारी ती. ती वारल्यावर येशूचा शिष्य पेत्र याला बोलावून आणलं, तो आला, ती जिवंत होऊन उठली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी तिला आंघोळ घालून माडीवरच्या खोलीत ठेवलं होतं, हे एका ओळीत येऊन जातं. आंघोळ कोणी घातली त्यांची नावं नाहीत. पेत्र येईल आणि पुढे काय होईल, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? मेलेल्या बाईला नीट आंघोळ घालायची, एवढंच त्यांच्यासमोर होतं.

मध्येच पलीकडच्या खाटेवरून दम लागल्याची हाक आली. आजोबांवर चादर ओढली, हात धुतले आणि धावले. जिवंत माणूस आधी, यात मला कधी शंका वाटली नाही. भक्तिभावाने एका खाटेशी रेंगाळायचं आणि दुसरीकडे कोणी गुदमरत असायचं, याला मी सेवा म्हणणार नाही. तो पेशंट सावरल्यावरच परत आले.

मोठ्याने प्रार्थना केली नाही. आजोबांचा धर्म कुठला, त्यांना आमची प्रार्थना चालली असती का, ते विचारायची वेळ निघून गेली होती. गेलेल्या माणसावर आपलं काही लादणं मला पटत नाही. मनात काय म्हटलं ते माझं आणि प्रभूचं.

ब्रदर पडद्यातून डोकावला. "झालं का? किती वेळ?" त्याच्या आवाजात वैताग होता. माझ्या वाटणीची इंजेक्शनं त्यालाच द्यावी लागली होती. दुपारी आमची त्यावरून बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं, माणसं कमी असताना हे लाड परवडत नाहीत. माझं म्हणणं, माणसं कमी आहेत ही तक्रार वर करू, सोबत मीही सही करते, पण त्यापायी आजोबांची सेवा वगळायची नाही. अर्ज लिहिला आहे. उत्तर अजून नाही.

शेवटी कपाटातल्या डबीतून आजोबांची कवळी काढली, धुतली आणि बसवली. खपाटीला गेलेले गाल भरून आले.

"सिस्टर, पण बघणार कोण?" विद्यार्थिनीने विचारलं.

"आत्ताच बसवावी लागते," मी म्हटलं. "थोड्या वेळाने जबडा आवळतो. मग बसत नाही. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी दे."