वाढलेल्या खुरांची घोडी: पहिले १६ आठवडे

दिवस १

वरातीची घोडी, हंगाम संपल्यावर अगाडी-पिछाडी लावून एकाच जागी उभी ठेवलेली. दातांवरून वय १५ च्या पुढे. छातीचा घेर १४२ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी १३२. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की किलोत वजन मिळतं: २२४. आकडा थोडा चुकला तरी बिघडत नाही. दर आठवड्याला टेप त्याच जागी लावली की चढउतार खरा कळतो. हेनेकेच्या १ (हाडांचा सापळा) ते ९ (अति लठ्ठ) या मापात शरीरस्थिती २.

पुढच्या खुरांची लांबी, केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत: डावा १४.५ सेंमी, उजवा १३.५. या चणीच्या घोडीला साडेसात पुष्कळ झाले. खुरावरच्या आडव्या रेघा टाचेकडे लांब लांब, पुढे दाटीवाटीने. म्हणजे प्रकरण नुसतं न कापलेल्या खुरांचं नाही, जुना लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुराचं हाड भिंतीला धरून ठेवणाऱ्या आतल्या थरांचा दाह.

धनुर्वाताची लस लगेच. २१ दिवस वेगळा गोठा, वेगळी बादली. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे.

दिवस १ ते १०: खाणं

खुरांना हात लावायची घाई सगळ्यांनाच होते, पण इतक्या उपाशी जनावराचा जीव खुरांपेक्षा खाण्याने जातो. हरभरा, गूळ, पेंड घातली की पिष्ट आणि साखर पोटात जाते, इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घोडी कोसळते, आणि लोक म्हणतात, ‘चांगलं खात होती हो.’ गूळ-हरभरा घेऊन येणाऱ्यांना फाटकावरच थांबवावं लागतं.

पहिले तीन दिवस वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी २२५ ग्रॅम, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून वाटा मोठा, वेळा कमी. दहाव्या दिवशी १.३ किलो तीनदा. मिठाचा खडा आणि पाणी कायम समोर. दाणा-पेंडीचा खुराक शून्य. घास चघळून गोळे थुंकत होती म्हणून दात पाहिले, तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा गालाला लागत होत्या. त्या घासल्यावर थुंकणं थांबलं. जंताचं औषध लीद तपासल्यावर, तेही तिसऱ्या आठवड्यात.

दिवस ६: एक्स-रे आणि पहिली काटछाट

दोन्ही पुढचे पाय लाकडी ठोकळ्यावर, नाहीतर खुराचा तळ फोटोत येतच नाही. खुराच्या पुढच्या भिंतीवर मधोमध सरळ तार चिकटवायची, तारेचं वरचं टोक बरोबर केसांच्या रेषेवर. डाव्यात खुराचं हाड ९ अंश फिरलेलं आणि हाडाच्या टोकाखाली तळवा जेमतेम ८ मिमी. निदान १५ तरी हवा होता. त्यामुळे तळव्याला सुरी लावायची नाही हे तिथेच ठरलं.

जुनी नाल वाढलेल्या खुरात रुतलेली. पक्कडीने एकदम उचकटली तर ठिसूळ भिंत सोबत निघते, म्हणून खिळ्यांची वळवलेली टोकं आधी कानशीने घासली आणि खिळे एकेक करून काढले. खूर दगडासारखा कोरडा होता. ओलं गोणपाट ४० मिनिटं गुंडाळल्यावर नालबंदाची कात्री चालली. पुढे वळलेला भाग हॅकसॉने कापला, मग भिंत समोरून कानशीने मागे आणली. डावा १४.५ वरून १० सेंमीवर थांबवला.

टाचा उंच झाल्या आहेत, त्या उतरवायच्याच. पण पायामागून येऊन खुराच्या हाडाला चिकटणारी कंडरा टाच एकदम खाली गेली की ताणली जाते आणि हाडाचं टोक आणखी खाली ओढते. म्हणून या खेपेला टाचेतून फक्त ६ मिमी. तळाला ५ सेंमी जाडीचा फोम, खुराच्या आकाराचा कापून चिकटपट्टीने बांधला. तो दोन दिवसांत चेपतो; चेपला की बदलायचा. खाली १५ सेंमी लाकडाचा भुसा.

वेदनाशामक डॉक्टरांनी पाणी पिणं सुरळीत झाल्यावरच सुरू केलं. शरीरात पाणी कमी असताना फेनिलब्युटाझोन मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडवतं.

आठवडा ३ ते ६

तीन आठवड्यांनी दुसरी, सहाव्याला तिसरी काटछाट. दर वेळी थोडीच. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी भागाच्या फटीत काळा, कुजका वास येणारा चिकटा होता. फट रोज ब्रशने साफ, पातळ पोव्हिडोन आयोडीन, मग पूर्ण कोरडी. गोठा ओला ठेवून औषध बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

आठवडा ७: गळू

सकाळी डावा पाय टेकवेना. घोट्याच्या दोन्ही बाजूंना नाडी ठणठण उडत होती, उजव्यात नाही. दोन्ही पायांत असती तर लॅमिनायटिस उलटला म्हणून धसका घेतला असता. एकाच पायात म्हणजे बहुधा गळू. अशा खुरांत आतलं मेलेलं ऊतक बाहेर पडताना ते होतंच. कोमट पाण्यात विरघळेल तेवढं एप्सम सॉल्ट, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, मग पट्टी. तळव्यात भोक पाडून पू शोधायचा मोह टाळला, कारण तिथे ८ मिमीच आहेत. तिसऱ्या दिवशी केसांच्या रेषेवर फुटलं, तासाभरात पाय टेकला.

आठवडा १६

घेर १५२, लांबी तीच. २५७ किलो, शरीरस्थिती ४. लसूणघास निम्म्यावर आणून बाकी भिजवलेलं वाळलेलं गवत, म्हणजे साखर उतरते. केसांच्या रेषेपासून सुमारे ३ सेंमी नवी भिंत आली आहे. तिचा उतार जुन्या भिंतीपेक्षा उभा. बोट वरून खाली फिरवलं तर कोन बदलतो ती जागा नखाला लागते. महिन्याला ८ मिमीच्या हिशोबाने ती जागा जमिनीला टेकायला आणखी सहा महिने. गळू फुटलेल्या जागेची आडवी चीर आता केसांखाली १७ मिमीवर आली आहे. ती कोरायची नाही, आपोआप खाली उतरेल. पुढची काटछाट पाच आठवड्यांनी, त्याआधी डाव्या पायाचा पुन्हा एक्स-रे. नाल इतक्यात नाही.