मे महिन्यातलं ह्युगं, आमच्या कवेलूच्या घरात

डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमधे, डिसेंबरच्या शेवटी सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत बुडतो. म्हणजे दिवस जेमतेम ७ तासांचा, तोही बरेचदा ढगाळ, आणि बाहेर ओली थंडी. अशा गावात राहणारा माणूस घराकडे कसा बघत असेल याचा विचार केला ना की डॅनिश लोकांचं ह्युगं (hygge) काय आहे ते आपोआप समजते. बाहेर जाता येत नाही तर आत बसायची जागाच अशी करायची की जीव रमला पाहिजे, मंद दिवे, अंगावर घ्यायला काहीतरी ऊबदार, गरम कॉफी, चार आपली माणसं आणि कोणालाच कुठं जायची घाई नाही. बस एवढंच.

२०१६ च्या आसपास हे जगभर फार गाजलं, कॉलिन्स डिक्शनरीच्या त्या वर्षीच्या निवडक शब्दांच्या यादीतसुद्धा ह्युगं होता. मग दुकानदार मागे लागले. आता इन्स्टाग्रामवर शोधलं की क्रीम कलरचा सोफा, लोकरीची जाडजूड शाल, खिडकीत ओळीनं मेणबत्त्या, आणि खाली विकत घ्यायची लिंक. मी यवतमाळ जिल्ह्यात राहते. आमच्याकडे मे मधे पारा ४५ च्या घरात असतो, मेणबत्ती न पेटवताच वाकते, आणि लोकरीकडे नुसतं पाहिलं तरी घाम येतो.

तरी मला ही आयडिया मनापासून आवडली आहे आणि गेल्या काही काळापासून मी घर तसंच लावून राहिली. फक्त एक गोष्ट मला स्पष्ट दिसते, आणि ती कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. डेन्मार्कच्या लोकांनी त्यांना घरात कोंडणाऱ्या मोसमासाठी घर सजवलं. आपल्याला कोंडणारा मोसम हिवाळा नाहीच, हिवाळ्यात तर आपण अंगणात असतो, शेकोटीजवळ असतो, वावरात असतो. आपल्याला कोंडतो उन्हाळा, सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत. तेव्हा विदर्भात ह्युगं करायचं तर ते मे महिन्याच्या दुपारचं करावं लागते, आणि तिथं ऊब नाही, गारवा लागतो.

आमचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढचं स्लॅबचं, मागचं मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. सगळ्यांचं म्हणणं होतं मागचं पाडा आणि तिथंही स्लॅब टाका. मी यांना म्हटलं, पाडायचं नाही. मातीची जाड भिंत हळूहळू तापते, बाहेरचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होऊन जाते, तोवर दारंखिडक्या उघडायची वेळ झालेली असते. कवेलूच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते. स्लॅबचं उलटं, तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपण झोपलो की खाली सोडतो. हो, कवेलूला कटकट आहे, माकडं फोडतात, पावसाळ्याच्या आधी दरवर्षी फेरून घ्यावे लागतात आणि फेरणारा माणूस मिळता मिळत नाही. तरीही दुपारी सगळं घर आपोआप मागच्याच खोलीत येऊन बसते, तिथं सांगावं लागत नाही.

आता दिव्यांबद्दल, कारण मला विचाराल तर अर्धं काम दिव्यांचंच आहे. पॉल हेनिंग्सन नावाचा एक डॅनिश डिझायनर होता, तो लहानपणी रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढला होता आणि विजेच्या उघड्या बल्बचा डोळ्यात घुसणारा उजेड त्याला सहनच होत नव्हता. १९२० च्या दशकात त्यानं एकाखाली एक अशा तीन शेड लावून दिवा बनवला, उद्देश हा की कुठूनही पाहा, बल्ब दिसू नये, फक्त उजेड खाली यावा. त्याचा १९५८ चा पीएच ५ दिवा तर अजून बनतो, तिकडं घरोघरी जेवणाच्या टेबलावर अगदी खालपर्यंत लटकलेला असतो. आणि आपल्याकडे? भिंतीवर वर उंच एक पांढरी ट्यूबलाइट, सगळ्या खोलीभर सारखाच उजेड, जेवतानाही तोच, अभ्यासालाही तोच, आजारी माणूस पडलेला असला तरी तोच.

बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असते, वाचत जा. ६५०० के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) म्हणजे तो पांढरा निळसर उजेड, २७०० किंवा ३००० के म्हणजे पिवळसर, त्यालाच वॉर्म व्हाइट म्हणतात. तालुक्याच्या दुकानात मागितला तर दुकानदार म्हणे, "म्याडम, पिवळा कायले पाहिजे, आता तर सगळे पांढराच नेते." दोन दिवसांनी मागवून दिला बिचाऱ्यानं. याचा एक फायदा मला आधी कुठं वाचायला मिळाला नव्हता पण पावसाळ्यात जाणवला, पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात. ज्यांनी श्रावणात ट्यूबलाइटखाली जेवण केलं आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.

शेड म्हणून मी बुरडाकडून बांबूचं मोठं टोपलं आणलं आणि आड्याला उलटं टांगलं, आत ९ वॅटचा एलईडी. (एलईडीच लावा, जुना पिवळा तारेचा बल्ब फार तापतो, बांबूत नका लावू.) सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे टोपलं कायले टांगलं वो, धान्य भराले ठेवलं असतं तं." पण संध्याकाळी भिंतीवर त्या विणीची सावली पडली तेव्हा त्या बाज ओढून तिथंच बसल्या, आणि आता त्यांची तीच जागा झाली आहे. डॅनिश घरात एक आवडता कोपरा असतो, खिडकीजवळचा, उशा टाकलेला, त्याला ह्युगंक्रोग म्हणतात. आमचा तो तिथं झाला. बाजूच्या देवळीत संध्याकाळी तेलाची पणती, एकच.

बाजेबद्दल लिहायचंच आहे. डॅनिश खुर्च्यांचे फोटो पाहताना माझं लक्ष बैठकीकडे गेलं, दोरीची विणलेली! बोर्गे मोगेन्सनची १९४७ ची जे ३९ खुर्ची आहे, ती तिथल्या एफडीबी नावाच्या सहकारी संस्थेसाठी बनवली होती, साध्या माणसाला परवडावी म्हणून. हान्स वेग्नरची १९४९ ची विशबोन खुर्ची, तिच्या एका बैठकीला साधारण १२० मीटर कागदी दोर लागतो. कागदाचा पीळ दिलेला दोर, कारण महायुद्धाच्या काळात विणायचं समुद्री गवत मिळेना. म्हणजे जे मिळालं त्यात भागवलं आणि तेच पुढं नाव कमावून बसलं. मग आपल्या सुतळीच्या बाजेला आपण कोठ्यात का टाकून दिलं? आमच्या दोन बाजा गोठ्याच्या मागे पडून होत्या, सागाच्या लाकडाच्या, पाय अजून मजबूत. गावात बाज विणणारे एकच म्हातारे बाबा राहिले आहेत, त्यांच्याकडून विणून घेतल्या आणि पोरांना मुद्दाम शेजारी बसवलं, पायथ्याचा दोर ओढून बाज कशी ताणायची ते तरी त्यांना आलं पाहिजे. उन्हाळ्यात बाजेइतकी चांगली वस्तू नाही, खालून हवा लागते, फोमच्या गादीवर पाठ भिजून जाते.

कापूस आपण पिकवतो आणि घरात चकाकणारी पॉलिस्टरची चादर अंथरतो, याचं मला खरंच वाईट वाटते. डेन्मार्कवाल्यांकडे लोकर आहे म्हणून ते लोकर वापरतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, उन्हाळ्यात दोन थरांची पातळ पुरते, जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की जाड काढायची. खाली सतरंजी.

रंगाचं थोडक्यात. तिकडं भिंती पांढऱ्या ठेवतात कारण थोडा तरी उजेड फिरावा. आपल्याला दुपारी उजेड कमीच पाहिजे असतो. तरी मागच्या खोलीत मी पांढऱ्या मातीनंच पोतारा केला, पण खाली हातभर गेरूचा पट्टा, जमीन सारवलेली. सगळ्या घराला मात्र सारवण करणार नाही, ते काम शेवटी बाईच्याच कमरेवर येते, म्हणून बाकी घरात फरशी आहे आणि ती राहणार. ज्यांना मातीची खोली किती सुंदर दिसू शकते ते पाहायचं असेल त्यांनी सेवाग्रामला बापू कुटीत जाऊन थोडा वेळ खाली बसावं. गांधीजी १९३६ मधे तिथं राहायला आले, ती कुटी मुळात त्यांची शिष्या मीराबेन हिची, भिंतीवर तिनं मातीतच उठावाची झाडं आणि चरखा काढला आहे. खोलीत सामान जवळपास नाहीच आणि तरी रिकामं वाटत नाही. मला कुठल्याही डॅनिश फोटोपेक्षा तिथं जास्त शिकायला मिळालं.

आणि बसायची रचना. आपल्या समोरच्या खोल्यांमधे प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावून, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. मी टीव्ही पुढच्या खोलीतच ठेवला, मागं आणला नाही, आणि मागं बाजा समोरासमोर टाकल्या, मधे जागा मोकळी. हिवाळ्यात तिथं तुरीच्या उकडलेल्या शेंगांचं टोपलं येते, मीठ घातलेल्या, सोलता सोलता दोन तास कसे जातात समजत नाही, शेजारच्या काकू येतात, दीर येतात, आणि हात शेंगांत गुंतले असले की कोणी मोबाइल उचलत नाही. उन्हाळ्यात त्याच जागी पन्हं, कैरीचा तक्कू, दुपारी कूलरचा आवाज. कूलरमधलं जुनं गवत काढून वाळ्याच्या ताट्या लावा, महाग पडतात पण पाणी पडलं की जो वास सुटतो ना, तो विकतच्या कुठल्याही सुगंधी मेणबत्तीत नाही.

यावर्षी राहिलेलं काम म्हणजे पुढचा स्लॅब. होळीच्या आधी वरून पांढरा चुना मारायचा आहे, चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल टाकून दोन हात, आणि मारायचा संध्याकाळी, उन्हात मारला तर लगेच वाळून पापुद्रे निघतात. तेवढं झालं की मे मधे पुढच्या खोलीतही बसता येईल.