पंधरा रुपये कमिशन

बेऊर, नैनी, भोंडसी, साबरमती, जगदलपूर. यातल्या एकाही जेलमध्ये मी पाय ठेवलेला नाही, पण कोणतं कोणत्या राज्यात ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन. छत्तीस वर्षं पोस्टात काढली. त्यातली शेवटची अकरा मनीऑर्डरच्या काउंटरवर, वर्धा रोडजवळच्या एका लहानशा ऑफिसात. नागपूरचं मध्यवर्ती कारागृह तिथून पायी जाण्यासारखं. रिटायर होऊन बरेच दिवस झाले, तरी मेट्रो राहाटे कॉलनीला आली की माझी मान आपोआप त्या बाजूला वळते.

जेलमधल्या माणसाच्या हातात भेटीला गेलेल्या घरच्यांना रोख पैसे देता येत नाहीत. मनीऑर्डर करायची, ती त्याच्या नावावर आत जमा होते आणि त्यातून तो जेलच्या कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेतो. म्हणून मुलाखत, म्हणजे कैद्याची भेट, आटोपली की लोक आमच्याकडे यायचे. ज्यांची मुलाखत झाली ते गप्प असायचे आणि ज्यांचा नंबर लागला नाही ते आमच्याशीच भांडायचे. सुट्टे नाहीत म्हणून, पंखा बंद म्हणून, कशावरूनही. पहिली दोन वर्षं मीही उलट भांडले. नंतर शिकले.

जेल हा शब्द काउंटरवर फार कमी जण मोठ्याने उच्चारायचे. ‘सेंट्रल’ म्हणायचे, ‘तिकडं’ म्हणायचे. एक कॉलेजातली मुलगी फॉर्मवर सगळा पत्ता लिहून कारागृह या शब्दावर तळहात ठेवायची, मागच्याला दिसू नये म्हणून. मला गंमत वाटायची, कारण आमच्या सासरी हा शब्द छाती फुगवून घेतला जातो. चुलत आजेसासरे ४२ साली याच जेलमध्ये होते आणि प्रत्येक लग्नात कोणीतरी ते सांगतंच. ही इमारत १८६४ ची. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात लोक झुंडीने आत गेले. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही विनोबा पवनारहून निघाले आणि इथेच येऊन पोचले. फाटक एकच, पण एका घरात त्याची तसबीर होते आणि दुसऱ्या घरात त्यावर तळहात.

आमच्या काउंटरवरून पैसे फक्त समोरच्या जेलमध्ये जायचे असं नाही. नागपूर देशाच्या मध्यावर, सगळ्या दिशांच्या गाड्या इथून जातात, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठकुठची माणसं कामाला. कोणाचा भाऊ पाटण्याला बेऊरमध्ये, कोणाचा ट्रक ड्रायव्हर नवरा गुजरातेत अडकलेला, बांधकामावरच्या छत्तीसगढी बायांचं कोणी ना कोणी रायपूर नाहीतर जगदलपूरला. पत्ता सांगताना ‘बडा जेल’ एवढंच सांगायच्या. मग मीच विचारत बसायचे, बाई, सेंट्रल की जिल्ह्याचं की तहसिलीचं? घरी नकाशा नव्हता, मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातून मी जेलं शोधायचे.

शिवाय तुरुंग हा राज्यांचा विषय. कायदा तेव्हा १८९४ चा, इंग्रजांचा, पण नियमावली प्रत्येक राज्याची वेगळी. महिन्याला किती पैसे चालतात, किती वेळा चालतात, सगळीकडे निराळं. एका ठिकाणी जमा झालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणाहून परत यायची आणि शिव्या आम्हाला.

पैशांवर रुपयाला पाच पैसे कमिशन. म्हणजे वीस रुपयांना एक. तीनशेला पंधरा, पाचशेला पंचवीस. हा हिशोब मी दिवसातून किती वेळा सांगितला असेल, देव जाणे. जुन्या कागदी फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायची सोय होती. ‘शेंगदाण्याचे लाडू केले होते पण आत घेऊ दिले नाही’ अशा ओळी मी स्वतः बायांना लिहून दिल्यात. ई-मनीऑर्डर आली आणि संदेशाच्या जागी आकडे आले. ठरलेली यादी, त्यातला नंबर निवडायचा. सणाच्या शुभेच्छा वगैरे. ‘वकील तारखेला आलाच नाही’ असा संदेश त्या यादीत नव्हता.

आता नंबरांबद्दल. कैद्याच्या नावापुढे नंबर लिहावा लागतो. शिक्षा झालेल्याला सी नंबर, खटला चालू असलेल्याला यूटी. यूटी म्हणजे अंडरट्रायल, आपल्याकडे लोक ‘कच्चा कैदी’ म्हणतात. काउंटरवर बसून बसून माझ्या लक्षात आलं की सी क्वचित येतो, यूटीच यूटी. मला वाटायचं आपल्याच काउंटरचा योगायोग असेल. रिटायर झाल्यावर सरकारी अहवालातले आकडे वाचले. २०२२ च्या शेवटी देशात १,३३० तुरुंग, त्यांत जागा ४,३६,२६६ जणांची आणि माणसं ५,७३,२२०. यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. आणि आणखी एक बघा, कच्चे कैदी आणि एकूण जागा, हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत. एकाही शिक्षा झालेल्या माणसाला आत घेतलं नाही, तरी देशातले तुरुंग भरतात.

हे मी माझ्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, काही केलं असेल म्हणूनच आत आहेत ना." त्याच्यावर मी रागावले नाही. २०१८ च्या आधी मीही हेच म्हणत होते.

मला शिकवलं ते नागपूर जिल्ह्यातल्याच कुहीकडच्या एका बाईने. साठीच्या आतबाहेरची, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एसटीने यायची, मुलाखत घ्यायची आणि मग माझ्याकडे तीनशे रुपये ठेवायची. पंधराची नोट-नाणी वेगळी बांधलेली असायची, तरी दर वेळी विचारायचीच.

"थे पंधरा रुपये कायचे जी, मॅडम?"

"सरकारचे, मावशी."

"अन् सरकार थे पैसे पोट्ट्यापरेन पायी नेते का?"

पोरगा शेतातले मोटारपंप चोरल्याच्या केसमध्ये. २०१८ ची गोष्ट. तीन-चार महिने झाले असतील, एकदा ती हसतच आली. "बेल झाली जी." मी म्हटलं, चला, सुटला. पुढच्या महिन्यात ती पुन्हा तीनशे रुपये घेऊन हजर. मला कळेना. बेल झाली तर पैसे कोणाला?

बेल होणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला, पदवीधर बाईला, तेव्हा कळलं. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीन आणि एक जमानतदार सांगितला होता. जमानतदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, नाहीतर तहसिलीतून ऐपतीचा दाखला आणेल असा माणूस. तिची दोन एकर होती, पण कागद दिराच्या नावावर, आणि दीर सही द्यायला तयार नाही. गावात दुसरा कोण उभा राहणार? चोरीच्या केसला? साध्या चोरीची तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. पोरगा शिक्षा न होता, जामीन मंजूर होऊनही, महिन्यामागून महिने आत.

मी घरी येऊन वाचायला लागले. शिक्षेची निम्मी मुदत आत काढली तर कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद तेव्हाही होती, कलम ४३६-अ. तिच्या हिशोबाने दीड वर्ष. २०२४ च्या जुलैपासून नवा कायदा आला, त्यात पहिल्यांदाच अडकलेल्याला एक तृतीयांशावर सोडायचं म्हटलंय. म्हणजे आजचा असता तर त्याचं वर्षभरात झालं असतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कोणी सुटला नाही तर जेलने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जमानतदार मिळालाच नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत. सगळं चांगलंच आहे. फक्त कुहीच्या बाईला त्यातलं काही मिळालं नसतं, ती पाच वर्षं आधीची. तिला मी एवढंच सांगू शकले की कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, तिथे वकील फुकट मिळतो. "फुकट वकील चांगला असते का जी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मला काय माहीत होतं!

या सगळ्यात माझी एक चूक झाली. एका महिन्यात गर्दी होती, मी तिच्या पोराच्या नावापुढे यूटी नंबर टाकायचा विसरले. आत त्याच नावाचे दोघं. पैसे आमच्याकडे परत आले, वीस-बावीस दिवसांनी. तेवढे दिवस त्या पोराकडे साबणालाही पैसे नव्हते, आणि आईने या महिन्यात पाठवलेच नाहीत असं त्याला वाटलं असणार. कमिशन परत मिळत नाही, नव्याने भरावं लागतं. मी माझ्या पर्समधले पंधरा टाकले, नंबर घालून पुन्हा मनीऑर्डर केली आणि तिला म्हटलं, परत आली होती, पुन्हा पाठवलीय, तुम्हाला काही भरायचं नाही. चूक माझी होती हे मात्र सांगितलं नाही.

बाहेरच्या जगाला हे जेल दिसलं ते ३० जुलै २०१५ ला, याकूब मेमनला फाशी झाली त्या गुरुवारी. सगळीकडे पोलीस, चॅनेलच्या गाड्या. मी ड्युटीवर लांबच्या रस्त्याने गेले. दुसऱ्या दिवशी गाड्या गेल्या आणि मुलाखतीवाले नेहमीसारखे आले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र तेही बंद झाले. पोस्ट अत्यावश्यक सेवेत, आम्ही उघडेच. मुलाखती बंद असल्याने भेटीला म्हणून घरून निघायची सोय राहिली नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने समित्या बसल्या आणि गर्दी कमी करायला बऱ्याच जणांना तात्पुरतं सोडलं. तेव्हा मनात आलंच, की महिन्याभरात सोडता येत होतं तर.

राख्यांचं सांगायचं राहिलं. श्रावणात जेलच्या पत्त्यावरच्या पाकिटांचा वेगळा गठ्ठा बांधावा लागायचा. आत टपाल उघडून बघतात हे सगळ्या बहिणींना ठाऊक, तरी पाकीट चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. इग्नू या मुक्त विद्यापीठाची पुस्तकंही यायची, जाडजूड पार्सलं. आत अभ्यास केंद्र आहे. त्या पुस्तकांवर मात्र सी नंबर जास्त. लांबच्या मुदतीचा माणूसच पदवीला नाव घालू शकतो. कच्च्या कैद्याला वाटतं पुढच्या तारखेला सुटणार, आणि तारीख पुढे जात राहते.

कुहीच्या बाईची शेवटची मनीऑर्डर परत आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा नंबर चुकला की काय? फॉर्म पाहिला. नंबर बरोबर होता. शेरा होता, ‘बंदी मुक्त’. फुकटच्या वकिलाने जातमुचलक्यावर, म्हणजे जमानतदाराशिवाय, सोडवलं होतं, चौदाव्या महिन्यात. पाठवणाऱ्याचा पत्ता तिने अजनीतल्या भाचीचा दिला होता आणि भाचीच्या दाराला कुलूप, म्हणून पैसे ऑफिसातच होते.

आठवड्याने ती आली. पोरगा बाहेर सायकल स्टँडपाशी उभा होता, मी हात केला तरी आत आला नाही. तिने अंगठा दिला, तीनशे रुपये दोनदा मोजले आणि तशीच उभी राहिली.

"अन् पंधरा?"

"ते नाही मिळत, मावशी. कमिशन परत होत नाही."

"असं कसं जी? मांगच्या बारीले तर वापस आलती तवा पंधरा घेतलेच नाई तुमी. तवा माफ होते, आता काहून नाई?"

मागे रांगेत सहा माणसं. मी पर्स उघडली. सुट्टे नव्हते, वीसची नोट दिली. तिने पदराची गाठ सोडून पाचचं नाणं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.