तुम्ही विचारलंत म्हणून : ऑर्क जन्मतः दुष्ट असतात का?

कोथरूडमध्ये रविवारी दुपारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट खेळायच्या टेबलावरच्या खेळाचा, गट बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. ऑर्क ही त्या खेळातली एक काल्पनिक, लढाऊ जमात. नवीन कुणी खेळायला आलं की पहिल्या एक-दोन सेशनमध्ये प्रश्न येतोच : "ताई, तुमच्या खेळात ऑर्क वाईट नसतात का? मग मारायचं कुणाला?" जुनी पुस्तकं वाचलेले लोक तेच जरा चिडून विचारतात. खेळाच्या कंपनीनं सगळी दुष्ट मंडळी गोड करून टाकली, तुम्हीही त्यातल्याच का?

माझ्या टेबलावर कुठलाच ऑर्क जन्मानं दुष्ट नसतो. आणि तरीही नव्या पुस्तकांनी ऑर्कांचं जे केलंय ते मला आवडलेलं नाही.

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणला, तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या बाजू, तीनच होत्या : लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रल (तटस्थ) आणि केऑस (अनागोंदी). पोल अँडरसन, मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून ती कल्पना आलेली. विश्वाच्या भांडणात तुम्ही कुणाच्या बाजूनं उभे, एवढाच तिचा अर्थ. आणि त्या पहिल्या तक्त्यात ऑर्क दोन रकान्यांत आहेत, न्यूट्रलमध्येही आणि केऑसमध्येही! म्हणजे काही ऑर्क या भांडणात पडलेलेच नव्हते. पुढे चांगलं आणि वाईट असा दुसरा अक्ष जोडला गेला आणि 1978च्या प्लेअर्स हँडबुक या खेळाडूंच्या नियमपुस्तकात सगळ्यांच्या ओळखीचे नऊ चौकोन आले. माझ्या मते गडबड इथे सुरू झाली. जी बाजू होती तिचा स्वभाव झाला, आणि तो स्वभाव एकेका जमातीच्या नावापुढे छापला गेला.

गंमत बघा, तो छापलेला स्वभावही कायम राहिला नाही. 1977च्या मॉन्स्टर मॅन्युअल या खेळातल्या राक्षस-जमातींच्या पुस्तकात ऑर्क लॉफुल इव्हिल आहेत, म्हणजे दुष्ट पण शिस्तीचे. 2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि ते केऑटिक इव्हिल, म्हणजे दुष्ट आणि बेशिस्त, झाले. रक्तातच असलेली गोष्ट आवृत्तीबरोबर कशी बदलते? त्या तिसऱ्या आवृत्तीचं एक मात्र मला फार आवडतं. तिथे अलाइनमेंटच्या आधी एक शब्द असे : बऱ्याचदा, सहसा किंवा नेहमी. ऑर्कांपुढे 'बऱ्याचदा' होतं, गॉब्लिन या दुसऱ्या जमातीपुढे 'सहसा', आणि 'नेहमी' हे डीमन, म्हणजे सैतानांसारख्यांसाठी राखलेलं. एका शब्दानं केवढी जागा मिळत होती.

2014च्या हँडबुकनं ती जागा घालवली. ऑर्क ज्या ग्रूमश देवाची लेकरं, त्याचा हिंस्रपणा त्यांच्यात उतरलेला आहे, आणि एखाद्या ऑर्कानं चांगलं वागायचं ठरवलं तरी त्याला जन्मभर आपल्याच प्रवृत्तीशी झगडावं लागतं, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. दुष्ट राक्षस हवेत याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या वाक्याला. एखादा जीव कितीही चांगला वागला तरी त्याच्यावरचा संशय फिटणार नाही, असं ते आधीच ठरवून टाकतं.

हे आपल्याकडे कल्पनेतलं नाही. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अख्ख्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. पोलिसांकडे हजेरी, फिरण्यावर बंदी, काहींना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवलेलं. मूल जन्मलं की तेही त्याच यादीतलं. तो कायदा 1952 साली रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त म्हणू लागलो, पण कुठे चोरी झाली की संशय अजून त्यांच्याच पालांकडे वळतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या हातात ते ऑर्कांचं वाक्य आलं तर त्याला हे आठवणारच. मला तरी आठवलं, आणि मग ते खेळातल्या मुलांना वाचून दाखवणं मला जमलं नाही.

आता ग्रूमशबद्दल. या खेळाच्या जुन्या पुराणात त्याची एक कथा आहे आणि ती मला अतोनात आवडते. सृष्टीच्या आरंभी देवांनी पृथ्वी वाटून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. माणसांच्या देवाला आपली लेकरं हवी तिथे वसवायची मुभा मिळाली, एल्फांच्या देवाला जंगलं, ड्वार्फांच्या देवाला डोंगर. चिठ्ठ्या संपल्या आणि ऑर्कांच्या देवासाठी काहीच उरलं नाही. बाकीचे देव हसले. तेव्हा ग्रूमशनं भाला उचलून डोंगर फोडले, जंगलं करपवली आणि सांगितलं, माझी लेकरं इथेच राहतील.

ही कथा पुण्यात बसून ऐकताना बळीराजा आठवल्याशिवाय कसा राहील? तीन पावलांत पृथ्वी मोजली गेली आणि जो राजा होता तो पाताळात गेला. आपल्याकडे घराघरांत विष्णूची पूजा होते, आणि दिवाळीतल्या पाडव्याला त्याच घरांत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असंही म्हणतात. म्हणजे ज्याला हरवलं त्याच्यावरचं प्रेम लोकांनी सोडलं नाही. जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं, त्यात ही सगळी कथा बळीच्या बाजूनं मांडली. वामन त्यांच्या लेखी बाहेरून आलेल्यांचा पुढारी, बळी इथल्या रयतेचा राजा. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना राक्षस म्हटलं, असा त्यांचा दावा. इतिहास म्हणून त्यावर वाद आहेत, असू देत. पण पुराण कुणी सांगितलं हे आधी विचारायचं, ही सवय मला तिथून लागली आणि डीएम म्हणून तिच्याइतकं उपयोगी मला काही सापडलेलं नाही. मॉन्स्टर मॅन्युअलसुद्धा कुणीतरी सांगितलेलंच असतं. माझ्या जगात ते एल्फांच्या ग्रंथपालांनी लिहिलंय, असं मी खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगते.

आता बदल. जून 2020 मध्ये हा खेळ छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राऊ (जमिनीखाली राहणारे एल्फ) यांच्या वर्णनात खऱ्या जगातल्या समाजांना हिणवण्याच्या खुणा उमटल्या आहेत आणि त्या काढू. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या, टॅशा या पात्राच्या नावाच्या पूरक नियमपुस्तकानं ताकद-बुद्धीचे गुण जन्माशी बांधून ठेवायचं सोडलं. ते उत्तमच झालं. डिसेंबर 2021 मध्ये व्होलो या पात्राच्या नावाच्या, राक्षस-जमातींवरच्या पुस्तकातले परिच्छेदच्या परिच्छेद शुद्धिपत्रानं गाळले. 2024च्या हँडबुकमध्ये ऑर्क खेळाडूंसाठी रीतसर आले, आणि 2025च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्क नावाची वेगळी नोंदच नाही.

माझं दुखणं असं की या साफसफाईत ग्रूमशची कथाही गेली. 2024च्या हँडबुकमधला ग्रूमश पृथ्वीवर दूरदूर हिंडणारा सामर्थ्यवान देव आहे आणि त्यानं लेकरांना भटकंतीसाठी बळ दिलंय. छान. पण त्या चिठ्ठ्यांचं काय झालं? जमीन कुणाला मिळाली नाही, कोण हसलं? दुष्टपणाचा शिक्का पुसताना ऑर्कांचं गाऱ्हाणंही पुसलं. विमुक्तांवर शिक्का मारणारा कायदा गेला हे बरं झालं, म्हणून तो कायदा होता हे मुलांना सांगायचंच नाही, असं आपण म्हणतो का? मला ऑर्क निरुपद्रवी नको आहेत. मला ते रागावलेले हवेत, आणि राग कशाचा हे खेळाडूंना कळायला हवं.

कीथ बेकर यांनी याच खेळासाठी रचलेल्या एबेरॉन जगात, जे 2004 मध्ये आलं, हे फार आधी जमलं होतं. तिथे ऑर्कांनी ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे पुजारी, होऊन बाहेरच्या भयंकर आक्रमणापासून अख्खं जग वाचवलेलं आहे, आणि उपकार कुणाच्या लक्षात नाहीत. कुठल्याही जमातीचं अलाइनमेंट ठरलेलं नाही, तरी त्या जगात दुष्टांचा तुटवडा नाही.

राक्षसांबद्दलही विचारता, म्हणून तेवढं सांगते. या खेळात राक्षस 1975 पासून आहे : वाघाचं तोंड, उलटे तळवे, मंतरलेल्या बाणानं मरणारा, पुढच्या आवृत्त्यांत थेट नरकातून आलेला. यातला बाण अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेच्या प्रभावातून आलाय, आपल्या कुठल्या पोथीतून नाही. मी ती नोंद वापरते, पण दुसऱ्या नावानं. विभीषण आणि प्रल्हाद ज्या कुळांत जन्मले ती कुळं 'नेहमी दुष्ट' या खान्यात टाकायला माझा हात धजत नाही.

राहिलं मारायचं कुणाला. भरपूर जण आहेत! खंडणीखोर सरदार, मुडदे उठवणारे मांत्रिक, गावाचं पाणी विकणारे सावकार, खरेखुरे डीमन. डीमन माझ्याकडे आजही नेहमी दुष्टच आहेत, कारण ते दुष्टपणातूनच घडलेत. त्यांना आई-बाप नाहीत, लेकरं नाहीत. गॉब्लिनांना आहेत. 1979च्या सीमेवरच्या किल्ल्याच्या प्रसिद्ध साहसात गुहांमधल्या गॉब्लिनांच्या बायका आणि न लढणारी पोरंसुद्धा आकड्यांनिशी नोंदलेली आहेत. मोठ्यांना मारल्यावर त्या पोरांचं काय करायचं, यावर तेव्हापासून जगभरच्या टेबलांवर भांडणं झालीत. माझ्याकडेही होतात आणि मी ती मिटवत नाही.

आमच्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे चालू असलेल्या गोष्टीत, ऑर्कांनी एका घाटाची वाट अडवली आहे. त्यांनी दोन काफिले लुटलेत, माणसंही मेलीत, तेव्हा त्यांच्याशी लढण्याचं कारण खेळाडूंकडे आहे. पण ऑर्कांची मागणी एकच आहे : खालच्या खोऱ्यातली वाटणी पुन्हा करा, आणि या वेळी चिठ्ठी आमच्यासमोर काढा. आमच्या पॅलाडिननं, म्हणजे धर्मयोद्ध्यानं, तलवार उपसलेली आहे, आणि चोराचं पात्र खेळणारी मुलगी विचारतेय की मागच्या वेळच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या. पुढच्या रविवारी ती एल्फांच्या दफ्तरखान्यात शिरणार आहे. तिथे काय सापडेल ते मी लिहून ठेवलंय.