बाभळीच्या पाण्यावर उपसा बसवताना: माझा अनुभव

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद भागात गोदाकाठी उपसा, म्हणजे नदीचं पाणी मोटारीनं उचलून शेतात आणायची सोय, बसवायचा तर मोटारीच्या आधी तारखा बघाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर वरच, म्हणजे उघडी राहतात. दारं खाली सोडल्यावर 2.74 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) साठा करता येतो, आणि त्यातलं 0.6 टीएमसी 1 मार्चला खाली तेलंगणाकडे सोडायचं असतं. पण दारं खाली येईपर्यंत पूर निघून गेलेला असतो. वरून आवक नसेल तर बंधारा भरणार कशानं? म्हणून हरभरा विहिरीच्या भरवशावर पेरून घेतो आणि उन्हाळी भुईमुगाचं डिसेंबरअखेरची पातळी बघूनच ठरवतो.

उपशाची परवानगी जलसंपदाच्या उपविभागातून मिळते. सातबारा, आठ-अ, गट नकाशा आणि उपशाची जागा, मोटारीचा एचपी हे सगळं अर्जात लागतं. परवानगी हाती आली म्हणजे काम झालं असं नाही. हंगामाची पाणीमागणी वेगळी भरावी लागते, आणि थकबाकी असली की ती तिथंच अडते.

खरा वेळ खाल्ला तो पाईपलाईनच्या वाटेनं. मधल्या गटवाल्यांची संमती लेखी घ्यावी, तोंडी ‘न्या की दादा’ पुढच्या पेरणीला टिकत नाही. कुणी अडून बसलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात पाईप किमान अर्धा मीटर खोल गाडायची अट आहे. आम्ही तीन फूट गाडला, कारण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवरच्या पाईपाचे जोड ओढून काढते.

पाईपाच्या व्यासात कंजुषी करू नये. सेकंदाला 6 लिटर पाणी किलोमीटरभर न्यायचं तर 75 मिमी पाईपात नुसत्या घर्षणात सुमारे 30 मीटर हेड (मोटारीची पाणी वर चढवायची ताकद) जातं, 110 मिमीत जेमतेम 5 मीटर. दुकानदार 75 चा भाव सांगून खूश करतो, पुढं पाच एचपीची मोटार पाणी फेकतच नाही. चढावर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि मोटारीजवळ पाणी मागं न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाईट गेली की उलट्या दणक्यानं पाईप फुटतो.

नदीच्या टोकाला 1 मार्चनंतर पाणी सरकतं. पाण्यात बुडवलेल्या पाईपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडून हवा ओढतो, मोटार कोरडी फिरते आणि सील जळतं. सक्शनची उंची (पाण्यापासून मोटारीपर्यंतची) सहा मीटरच्या आत ठेवावी, सोबत दोन-तीन जादा पाईप असू द्यावेत. जूनअखेरच्या आत मोटार, स्टार्टर, केबल वर काढून ठेवायचं. गाळात बसलेली केबल परत कामाची राहत नाही.

एका एकराला 5 सेंमी पाणी म्हणजे दोन लाख लिटर. सेकंदाला सहा लिटरनं नऊ तासांच्या वर लागतात आणि थ्री-फेज वीज मिळते आठ तास. एका एकराचं एक भरणं (एकदा पाणी देणं) विजेच्या एका पाळीत होत नाही, हे धरूनच वाफे पाडावेत.

विहिरीचं माप घ्यायला ती उपसून घ्यावी आणि पाणी किती वेळात वर येतं ते बघावं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे 28 हजार लिटर. ते भरायला चार तास लागले तर झरा तासाला सात हजारांचा. बंधाऱ्यात पाणी असताना काठच्या विहिरींचं पाणी टिकून राहतं, म्हणून फेब्रुवारीपर्यंत नदी आधी वापरायची, विहीर मागं ठेवायची.

बोअरचं मात्र खडक बघून. बिलोली-देगलूरकडं ग्रॅनाईट आहे. पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, त्याखाली बहुतेक नुसती भुकटी उडते. पश्चिमेकडच्या बेसाल्टात मांजऱ्या (सच्छिद्र, मऊ खडकाचा) थर लागला तर पाणी, काळा पाषाण लागला तर कोरडं. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घेताना आधी परवानगीचं विचारावं, बोअरची गाडी बोलावल्यावर नाही.