बदकवाली गाडी कुणाची?

माझ्या मावशीला गाडी लागते. एसटी लागते, कार लागते, एसी बस तर डेपोतून बाहेर पडायच्या आत लागते. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, गोळ्या झाल्या. लागत नाही ती एकच गाडी, माझी स्कूटर. तोंडावर वारा असला की मावशी ठणठणीत. त्यामुळे दिवाळीनंतर एकदा "गुहागरच्या व्याडेश्वराला जाऊन यायचंय गं, किती वर्षं झाली" असं ती म्हणाली, तेव्हा हे काम आपल्यावर येतंय हे मला चहाचा कप खाली ठेवायच्या आतच कळलं. पुणे ते गुहागर, ११० सीसीची स्कूटर, १० इंची चाकं आणि मागे एकसष्ट वर्षांची मावशी.

जायचंच आहे तर किनाऱ्याने जाऊ, असं मीच सुचवलं. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वरला पहिला मुक्काम. मग बागमांडल्याची फेरीबोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळची दुसरी फेरीबोट आणि गुहागर. परत येताना कुंभार्ली घाटाने.

तयारीला लागले. मी ऑनलाइन शोधून एक दणकट मोबाइल होल्डर मागवला, धातूचा, चार्जिंगची सोय असलेला. साडेसातशे रुपये. मावशीची तयारी वेगळी होती. तिने जुन्या गोधडीचे दोन तुकडे शिवून हँडलच्या दोन्ही मुठींवर चढवायचे झबले केले. मानेखाली घ्यायची हवेची उशी आणली, विमानातल्या लोकांच्या गळ्यात असते ती. एक जुनी रबरी स्लीपर आणली, एकच, तिला पट्ट्याच्या जागी नाडी बांधलेली. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या चार पट्ट्या आणल्या, दहा रुपयांना. आणि तिच्या नातवाने हँडलवर मधोमध एक पिवळं बदक चिकटवलं. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर भिरभिरं, दाबलं की 'पीं' वाजणारं. सध्या रस्त्यावर दर दहावी गाडी हे बदक मिरवत असते. आपल्या गाडीवर असलं काही कधी लागणार नाही, असं मी बऱ्याच जणांना सांगून ठेवलेलं होतं.

"मावशी, लग्नाच्या वरातीला चाललोय का आपण?"

"तू चालव. मागचं मी बघते."

डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघालो. पौडच्या पुढे थंडी अशी की बोटं आहेत की नाहीत ते ब्रेक दाबून बघावं लागत होतं. मुळशीच्या धरणाशी पाण्यावरून धुकं उठत होतं, आणि ताम्हिणीत रस्ता बराच वेळ डोंगराच्या सावलीतून जातो, ऊन दिसतं ते पलीकडच्या कड्यावर. मी हातमोजे घातले होते, चांगले, दुचाकीवाल्यांचे. वारा त्यांच्या शिवणीतून आत येत होता. शेवटी एका वळणावर थांबून गुपचूप गोधडीचे झबले चढवले. मुठी आणि ब्रेकचे लिव्हर दोन्ही आत जातात, हात खालून घालायचा. पुढून वारा अडला की मोज्याची गरजच राहत नाही. मावशीने हे मोजून केलं होतं, बोटांना लिव्हरपर्यंत पोहोचायला मोकळी जागा सोडून. कुणी करून बघणार असेल तर ही मोकळी जागा आधी घरच्या अंगणात तपासा. कापड लिव्हरमध्ये अडकलं तर घाटात तपासायची वेळ येऊ नये. मागून वाक्य आलं नाही, पण हेल्मेटवर एक टिचकी आली.

हेल्मेटवरून आठवलं. मावशीचा अंबाडा हेल्मेटात मावत नाही. आयुष्यभर अंबाडा घातलेल्या बाईने वेणी घालून कोकण केलं, ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना आहे.

उशीचं सांगते. आमच्या गाडीला डाव्या बाजूला लेडीज फुटरेस्ट आहे, तो घडीचा पत्रा, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणाऱ्यांसाठी. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण, एवढं तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे, नियम १२३. आपला साडीगार्ड म्हणजे हेच आवरण. पण एका बाजूला बसून रोज दीडशे किलोमीटर होत नाहीत, म्हणून मावशी पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसली. मग त्या पत्र्याचा उपयोग काय? तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढायला पायरी. मी गाडी दोन्ही पायांत घट्ट धरायची, ती पत्र्यावर पाऊल ठेवून पलीकडे पाय टाकायची. आणि बसायला ती विमानवाली उशी. पूर्ण फुगवली तर चेंडूवर बसल्यासारखं होतं, वळणावर माणूस घरंगळतो. निम्मी फुगवायची. मग ती अंगाखाली पसरते आणि खड्ड्याचा दणका हवेत जिरतो. १० इंची चाकाला छोटा खड्डाही विहिरीसारखा वाटतो, तेव्हा ही उशी म्हणजे दुसरं सस्पेन्शनच. निवे, विळे, निजामपूर करत माणगावला पोहोचलो, तरी मावशीने कंबरेचा क काढला नव्हता. माझी कंबर मात्र बोलायला लागली होती. मला उशी नव्हती.

माणगावहून मोर्ब्यावरून म्हसळ्याकडे वळलो आणि माझ्या साडेसातशे रुपयांनी दगा दिला. होल्डर नाही तुटला. तो इतका दणकट होता की इंजिनाची थरथर जशीच्या तशी फोनपर्यंत पोहोचवत होता. कॅमेरा उघडला तर आत सगळं लटलट कापतंय, फोकस म्हणून होईना. दुचाकीच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. तो मी वाचला होता. माझा फोन त्यांचा नाही म्हणून मला लागू नाही, असं मी समजले होते. होल्डर काढून डिकीत टाकला. पुढचा रस्ता मावशीने एका कागदावर बॉलपेनने लिहिला, गावांची नावं एकाखाली एक, आणि तो कागद लॉजमधून कधीतरी आणलेल्या पारदर्शक शॉवर कॅपमध्ये घालून स्पीडोमीटरवर चढवला. इलॅस्टिक असल्यामुळे चपखल बसली. नेटवर्क लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि गाव मागे पडलं की खोडायलाही नको, मागून आवाज यायचा, "मोर्बा झालं गं."

हरिहरेश्वरला संध्याकाळी दर्शन, रात्री आमटी-भात, लवकर झोप. प्रदक्षिणेच्या वाटेवर भरती होती म्हणून खाली उतरलो नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी बागमांडला. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते, महाबळेश्वरहून निघून इथवर येते. पलीकडे वेश्वी आणि बाणकोट. फेरीबोटीत आधी मोठ्या गाड्या घेतात, मग उरलेल्या फटींतून दुचाक्या. आता एक तांत्रिक गोष्ट. गिअरवाली मोटारसायकल असती तर पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करता आली असती. बिनगिअरच्या स्कूटरचं तसं नाही. इंजिन बंद झालं की क्लच सुटतो आणि चाक मोकळं. बोट जरा कलली की साइड स्टँडवरची स्कूटर आपल्या मर्जीने फिरायला निघते. ब्रेक लॉकचा खटका असतो तो माझ्या गाडीचा केव्हाच तुटलाय. मावशीने ट्यूबची एक पट्टी काढली आणि डावा ब्रेक दाबून मुठीला करकचून गुंडाळली. झाला हँडब्रेक. शिवाय बोटीच्या लोखंडी पत्र्यावर पाणी सांडलेलं होतं, तिथे स्टँडखाली ती नाडीवाली स्लीपर सरकवली. शेजारच्या बुलेटवाल्याने आधी हसून घेतलं. बोट हलल्यावर एक पट्टी मागून नेली.

त्या गडबडीत माझी किल्ली पडली. पलीकडे धक्का जवळ आला, गाड्या सुरू व्हायला लागल्या, आणि मी खिसे, पर्स, डिकीची फट सगळं चाचपतेय. डिकी उघडायलाही तीच किल्ली. सगळीकडे पांढऱ्या नि राखाडी स्कूटरी, एकसारख्या. तेवढ्यात बोटीवरचा पोरगा कठड्यापाशी उभा राहून ओरडला, "बदकवाली गाडी कुणाची? ओ बदकवाले!"

किल्ली आमच्या चाकाशी पडली होती. त्याने ती उचलली तेव्हा मी तिकडे काठावर जाऊन बाणकोटच्या किल्ल्याचा फोटो काढत होते, म्हणून मला कळलंच नव्हतं. बोटीत दुचाक्या वीस तरी असतील, पण त्याला गाडी सांगायला नंबर वाचावा लागला नाही.

पुढच्या सगळ्या प्रवासात आम्ही बदकवाले होतो. केळशीत चहा प्यायला थांबलो, तर दोन लहान मुली येऊन 'पीं' वाजवून गेल्या. त्यांच्यामागोमाग त्यांची आजी आली, तिची आणि मावशीची माहेरची ओळख निघाली, आणि चहावर थालीपीठ आलं. हॉर्नबद्दल नियम आहे, वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न लावायचा नाही. बदकाचा सूर एकच आहे. तेव्हा आम्ही कायद्यात बसतो असं मी धरून चालले आहे. भिरभिऱ्याचाही उपयोग निघाला. आडे, पाडले या पट्ट्यात रस्ता कुठे कुठे समुद्राला अगदी चिकटून जातो. बाजूने वारा सुटला की भिरभिरं आधी अडखळतं, मग गाडी ढकलली गेल्यासारखी होते. दोनदा बघितल्यावर मी भिरभिऱ्याकडे बघून मूठ सैल करायला शिकले. योगायोगही असेल, पण मी भिरभिऱ्यावर विश्वास ठेवला.

स्लीपरचं खरं काम आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन झालं आणि मावशीला पाण्यात पाय बुडवायचे होते. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर जमीन भुसभुशीत, साइड स्टँडचं टोक जेमतेम दोन बोटांएवढं. सगळा भार तेवढ्यावर येतो, ते वाळूत रुतत जातं आणि पाच मिनिटांनी गाडी आडवी. लोक चपटा दगड शोधतात, नारळाची करवंटी उपडी ठेवतात (ती फुटते, सांगून ठेवते). स्लीपर ठेवली की भार तळव्याभर पसरतो. नाडी कशाला, हे मला तिथे कळलं. गाडीवर बसल्यावर खाली वाकावं लागत नाही. स्टँड वर केला की नाडी ओढायची, स्लीपर हातात. नाडीचं दुसरं टोक पुढच्या हुकाला. हे तू कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, "तुझ्या काकांच्या चेतकला करायचे." काकांची चेतक म्हणजे बजाजची जुनी स्कूटर, आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली. तिच्या मागे स्टेपनी, स्टेपनीला रेक्झिनचं कव्हर, कव्हरवर मुलांची नावं. त्या घराण्यातलं बदक आहे म्हणायचं हे.

हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव लांबूनच पाहिला, मावशीला वास लागतो. गाडी नाही लागत, वास लागतो.

दाभोळला वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि अंधार पडता पडता गुहागरात. दुसऱ्या दिवशी व्याडेश्वर, दुर्गादेवी, ओटी, अभिषेक, सगळं मनासारखं. मावशी गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसली होती. काय मागितलंस, हे मी विचारलं नाही.

मग नारळ. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी निघताना अकरा नारळ दिले. सोललेले, शेंडीवाले. वर कोकमाच्या आगळाची बाटली. नको म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. आता या गाडीची पेट्रोलची टाकी सीटखाली, ५.३ लिटरची. दोघी, सामान आणि घाट धरला तर दीडशे किलोमीटरवर पंप गाठावा हे बरं. म्हणजे सीटवरून आडवं काही बांधायचं नाही, नाहीतर प्रत्येक पंपावर संसार उतरवा. सहा नारळ पुढे हुकाला पिशवीत, पाच मागच्या कॅरिअरवर, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून. ती दुकानातली रंगीत, हुकवाली इलॅस्टिकची दोरी मीही वापरली आहे. तिचा हूक सटकला तर डोळ्यावर येतो, आणि खड्ड्यात ती लांबते. ट्यूबची पट्टी रबराला रबर घासून स्वतःलाच धरून ठेवते, गाठही लागत नाही, नुसतं टोक खोचायचं. दूधवाले उगाच ती वापरत नाहीत. चिपळूण गेलं, कुंभार्ली चढलो, एकही नारळ हलला नाही. आगळाची बाटली मी स्वतः डिकीत नीट ठेवली होती, ती सांडली. मोबाइल होल्डर आता कायमचा लालसर आहे आणि सोलकढीसारखा वास मारतो.

पाटणला चहा घेतला. उंब्रजला महामार्गाला लागलो. तिथे मालट्रक शेजारून गेला की भिरभिरं वेड्यासारखं सुटायचं आणि मी दोन्ही हातांनी हँडल धरून मनातल्या मनात व्याडेश्वराला हाक मारायचे. खंबाटकी उतरून शिरवळला थांबलो, स्टँड लावला, सवयीने नाडीला हात घातला, तर हुकाला नाडीच नाही. स्लीपर पाटणच्या टपरीसमोर राहिली होती. त्या टपरीवाल्याने संध्याकाळी झाडताना ती उचलली असेल. नाडी बांधलेली एकच डावी स्लीपर बघून त्याने काय तर्क केला असेल कोण जाणे.

तिथली जमीन मुरमाची, मऊ. मावशीने पिशवीतून लाडवांच्या डब्याचं झाकण काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे, ठेव खाली. आणि घरी गेल्यावर घासून दे."